कोकणातल्या दमट हवेत प्लास्टिकचे सैनिक कसे रंगवायचे

आपल्याकडे २८ एमएमचे, म्हणजे साधारण इंचभर उंचीचे सैनिक रंगवताना खरी अडचण येते प्रायमरला, म्हणजे रंग धरावा म्हणून आधी मारायच्या अस्तराला. जून ते सप्टेंबर स्प्रे प्रायमर हातात घेऊच नका, दमट हवेत तो खरखरीत बसतो आणि मग बटणं, पट्टे, चेहरा सगळं भरून जातं. पावसाळ्यात ब्रशने लावायचा प्रायमर घ्या, दोन पातळ कोट, आणि मधे भरपूर वेळ द्या कारण इथे काहीच लवकर वाळत नाही. स्प्रे दिवाळीनंतर, उन्हं चांगली वर आल्यावर.

त्याआधी स्प्रूवरून (तुकडे ज्या प्लास्टिकच्या चौकटीत येतात ती) कटरने तुकडे सोडवा, साच्याची रेघ सुरीच्या पाठीने खरवडा, साबणाच्या पाण्यात धुवा. जोडायला प्लास्टिक सिमेंटच वापरा, ते प्लास्टिक विरघळवून सांधा एकजीव करतं, सुपरग्लू दमट हवेत पांढरी बुरशीसारखी झाक सोडतो.

आता रंग. समजा बेल्जियममधल्या वॉटर्लूच्या, नेपोलियन हरला त्या १८१५ च्या लढाईतली ब्रिटिश पायदळ पलटण आहे, तर सगळ्यांना एकच भडक लाल मारू नका प्लीज. साध्या शिपायाचा कोट मंजिष्ठाच्या रंगाचा म्हणजे विटकरी लाल, ऑफिसरचा मात्र किरमिजी किड्याच्या रंगातला झळझळीत लाल, एवढा एक फरक केला तरी पलटण जिवंत वाटते! कॉलर आणि बाह्यांच्या कफचा रंग रेजिमेंटप्रमाणे बदलतो, तो आधी बघून घ्या. मग तपकिरी वॉश, म्हणजे खाचांत उतरणारा पाण्यासारखा पातळ रंग, पूर्ण वाळू द्या, आणि उंचवट्यांवर मूळ रंग परत.

बेसिंग, म्हणजे सैनिकाच्या पायाखालची जमीन सजवणं, मला सगळ्यात आवडतं. फेविकॉलमध्ये थोडं पाणी, वर वाळू. पुळणीवरची वाळू चालते पण गोड्या पाण्यात दोन-तीनदा धुवून, उन्हात वाळवून, चहाच्या गाळणीतून चाळून, नाहीतर मीठ ओल धरतं आणि रंग सुटतो. वॉटर्लूला आदल्या रात्री धो धो पाऊस झालेला, त्यामुळे तिथे काळपट तपकिरी चिखलच हवा, आणि तुडवलेल्या पिकासाठी नारळाच्या सोडणाचा काथ्या बारीक कापून आडवा चिकटवा, वरून फिकट पिवळा ड्रायब्रश, म्हणजे जवळजवळ कोरडा ब्रश हलकेच फिरवायचा. अंगणातली जांभ्याची लाल माती कितीही सुंदर दिसली तरी बेल्जियममध्ये नको, ती १७५६ च्या विजयदुर्गाच्या लढाईसाठी, आंग्र्यांच्या माणसांच्या पायाखाली ठेवा, तिथे ती शोभते.

शेवटी मॅट वार्निश, तेही पावसाळ्यात ब्रशनेच, स्प्रे केलंत तर धुरकट होतं. डब्यात ठेवताना सिलिका जेलची पुडी टाका.