लोकर चांगली घेतलीत? मग या चुका टाळा

नमुना, म्हणजे माप बघायला छोटा चौकोन, न विणता थेट स्वेटरचे टाके घालायचे, ही चूक साताऱ्यात दर थंडीला बघते आणि दर वेळी जीव हळहळतो. शाहूपुरीतल्या एका मुलीने भावाच्या स्वेटरसाठी मेरिनो ही महागाची मऊ लोकर आणली. व्हिडिओत 8 नंबरच्या सुया सांगितल्या होत्या, हिने दुकानातून 8 नंबरच्याच घेतल्या. व्हिडिओ अमेरिकेतला! तिकडची 8 नंबरची सुई 5 मिमीची, आपल्या जुन्या नंबरांतली 4 मिमीची. आपल्याकडे आकडा वाढला की सुई बारीक होते, तिकडे जाड. 10 सेंमीत 18 टाके यायला हवे होते, आले 22. छातीचा 90 सेंमीचा घेर 74 वर आला, आणि कळलं कधी, तर पाठ-पोट विणून शिवायला घेतल्यावर. आधी सांगितलं होतं, तर म्हणाली, "काकू, नमुन्यात कशाला वेळ घालवू?" सगळं उसवावं लागलं.

नंबर सोडा, मिलिमीटर बघा. मी 15 सेंमीचा चौकोन विणते, कोमट पाण्यात भिजवून सपाट वाळवते आणि मधल्या 10 सेंमीतले टाके मोजते. कडेचे धरत नाही, ते ओढलेले असतात. लोकर दाबली की कशी परत फुगते, सुलट टाके एकसारखे बसू लागले की बोटं कशी सैल होतात, ते सुख या चौकोनातच पहिल्यांदा मिळतं. तेवढाही धीर नसेल तर मेरिनो घेऊच नये.

उसवलेली लोकर मात्र वाया जात नाही. लडी करून चार ठिकाणी सैल बांधा, भिजवा, सावलीत वाळवा, धाग्याच्या वळ्या निघून जातात. त्या मुलीने त्याच लोकरीचा स्वेटर पुन्हा विणला.

लोकरीचे सगळे गुंडे एकाच लॉट नंबरचे, म्हणजे एकाच वेळी रंगवलेले घ्या. नंतर आणलेल्या गुंड्याची छटा उन्हात वेगळी दिसते.

माण-खटावकडच्या मेंढ्यांची जाड लोकर घोंगडीला उत्तम, बाळाच्या टोपऱ्याला नको. टोचते.

ओळ अर्धी ठेवून उठू नका.

टाका सुटला तर ओढाओढ नको. क्रोशाच्या सुईने एकेक आडवा धागा वर घेत या.

आणि लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात चोळू नका. तंतू एकमेकांत अडकून तो आटतो, पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. पिळायचाही नाही, टॉवेलात गुंडाळून दाबा आणि दोरीवर न टांगता सपाट पसरा.