वेबकॅमसाठी कर्नल कंपाइल करताय? या चुका टाळा

रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला (पुढे नुसतं ‘पाय’) वेबकॅम जोडला आणि चित्र आलं नाही, की बरेच जण लगेच कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, सोर्स उतरवायला घेतात. मीही तेच केलं होतं. दोन रात्री कंपाइल करण्यात गेल्या, आणि मग लक्षात आलं की ड्रायव्हर जुन्या कर्नलमध्ये होताच, खराब होता तो यूएसबी हब.

म्हणून सगळ्यात आधी जोडलेल्या यूएसबी उपकरणांची यादी देणारी एलएसयूएसबी (lsusb) कमांड चालवा. त्या यादीत कॅमेराच नसेल तर कर्नलला हात लावू नका. केबल बदला, हब काढा, अडॅप्टर तपासा. पायचा वीजपुरवठा साधारण ४.६३ व्होल्टच्या खाली गेला तर डीमेसेजमध्ये (dmesg, कर्नलच्या नोंदी) कमी व्होल्टेजची नोंद सापडते. कॅमेरा यादीत असेल, तर सविस्तर माहितीत इंटरफेस क्लास बघा. १४ म्हणजे यूव्हीसी (यूएसबी व्हिडिओचं सामाईक मानक) पाळणारा कॅमेरा. त्याचा यूव्हीसीव्हिडिओ ड्रायव्हर २००८ सालच्या २.६.२६ आवृत्तीपासून मूळ लिनक्समध्येच आहे. २५५ असेल तर कंपनीची स्वतःची पद्धत. अशा जुन्या कॅमेऱ्यांसाठी जीएसपीसीए हा ड्रायव्हरसंच आहे, पण त्यात आतल्या चिपप्रमाणे वेगळं मॉड्यूल (कर्नलला जोडता येणारा ड्रायव्हरचा तुकडा) निवडावं लागतं.

खरंच कंपाइल करायची वेळ आली, तर कर्नलचे पर्याय साठवणाऱ्या डॉट कॉन्फिग (.config) फाइलमध्ये हाताने ओळ लिहू नका. यूव्हीसीचा पर्याय मीडिया सपोर्टवर आणि त्यातल्या यूएसबी विभागावर अवलंबून असतो. ते बंद असतील तर तुमची ओळ बिल्डच्या वेळी गुपचूप गळून पडते, आणि तासाभराने मॉड्यूल मिळतच नाही. मेन्यूकॉन्फिग या पर्यायांच्या मेन्यूमधूनच निवडा आणि बिल्ड सुरू करण्याआधी ती ओळ फाइलमध्ये टिकली आहे का ते बघा. सुरुवात बोर्डाच्या डिफकॉन्फिगने, म्हणजे तयार मूळ सेटिंगने, करा: ६४ बिट पाय ३ आणि ४ साठी बीसीएम२७११, पाय ५ साठी बीसीएम२७१२.

नवं मॉड्यूल चालू कर्नलमध्ये घुसवायला गेलात आणि ‘इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट’ असं उत्तर आलं, तर मॉड्यूल आणि कर्नल यांच्या आवृत्त्या जुळत नाहीत. जबरदस्तीने लोड करू नका. कर्नल, मॉड्यूल्स आणि डिव्हाइस ट्री (बोर्डाच्या हार्डवेअरचं वर्णन) एकाच बिल्डमधून एकत्र टाका. लोकल व्हर्जनला (कर्नलच्या आवृत्तीला जोडायची शेपटी) स्वतःचं नाव द्या, म्हणजे जुनी मॉड्यूल्स जागेवर राहतात आणि परत फिरता येतं. आणि हो, रास्पबेरी पाय ओएसच्या २०२३ च्या बुकवर्म आवृत्तीपासून बूट पार्टिशन बूटखालच्या फर्मवेअर फोल्डरमध्ये माउंट होतं. जुनी सूचना वाचून कर्नल नुसत्या बूट फोल्डरमध्ये ठेवला, तर बोर्ड मुकाट्याने जुन्याच कर्नलवर सुरू होतो. रीबूटनंतर चालू कर्नलची आवृत्ती दाखवणारी यूनेम (uname) कमांड बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता सगळ्यात फसवी अडचण. कॅमेरा ओळखला जातो, पण चित्र सुरू करताना ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ येतं. लोक एसडी कार्ड रिकामं करू लागतात. इथे कार्डाचा काहीच संबंध नाही, जागा संपली आहे ती यूएसबीच्या बँडविड्थमधली, म्हणजे माहिती वाहून नेण्याच्या क्षमतेतली. हिशेब करा: ६४० × ४८० चं कच्चं (न दाबलेलं) वाययूवायव्ही चित्र, पिक्सेलला २ बाइट, सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे सेकंदाला सुमारे १८.४ मेगाबाइट. यूएसबी २.० मध्ये अशा प्रवाहाला सेकंदाला जास्तीत जास्त सुमारे २४.६ मेगाबाइट राखून ठेवता येतात, आणि बरेच कॅमेरे गरज नसतानाही तेवढे मागतात. दोन कॅमेरे लावले की बस भरलीच. पाय ३ वर तर चारही पोर्ट आणि इथरनेट एकाच यूएसबी २.० वर चालतात.

यावर दोन उपाय. कॅमेऱ्याचा फॉरमॅट एमजेपीईजी (दाबलेलं चित्र) करा, किंवा यूव्हीसीव्हिडिओ ड्रायव्हरला लोड करताना क्वर्क्स १२८ हा पर्याय द्या, म्हणजे बँडविड्थचा अंदाज ड्रायव्हर स्वतः करतो. मात्र हा क्वर्क फक्त कच्च्या फॉरमॅटवर लागू होतो. एमजेपीईजीवर असताना तो लावून फरक पडला नाही, तर ड्रायव्हरला दोष देऊ नका. त्या वेळी रिझोल्यूशन किंवा फ्रेमदर कमी करून बघा.

शेवटचं: कर्नल ४.१६ पासून एका कॅमेऱ्यासाठी दोन व्हिडिओ नोड (उपकरणाच्या फाइल) दिसतात. दुसरा मेटाडेटाचा, म्हणजे चित्राबद्दलच्या माहितीचा, असतो, त्यातून चित्र कधीच येणार नाही. चाचणी पहिल्या नोडवर घ्या.