तंबू नंतर घ्या, आधी खालचं बघा

वावरात, तलावाच्या पाळीवर किंवा सातपुड्याच्या पायथ्याशी रात्र काढायची म्हटली की लोक आधी तंबूचे फोटो पाठवतात. "हा घेऊ का?" तंबूवर आठ-दहा हजार घालायची तयारी असते आणि खाली अंथरायला घरची सतरंजी. ही खरेदी उलटी आहे. विदर्भात तिन्ही ऋतूंचा त्रास जमिनीतून येतो. थंडीत जमीन अंगातली ऊब ओढून घेते, पावसाळ्यात पाणी खालून शिरतं, साप-विंचू तिथूनच येतात आणि मे महिन्यात ती मध्यरात्रीपर्यंत तापलेली असते. म्हणून पैसे खालून वर खर्च करा: आधी अंथरूण, मग पांघरूण, मग तंबू. हिमालयातल्या ट्रेकसाठी बनवलेल्या याद्या घेऊन दुकानात जाऊ नका. उणे दहा अंशांची स्लीपिंग बॅग (झोपायची पिशवी) यवतमाळात घामाने भिजवेल, बाकी काही करणार नाही.

१. जागा

व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत मनाने तंबू टाकता येत नाही. मेळघाट असो, ताडोबा की पेंच, तिथे वनविभागाच्या निवासात राहा. स्वतःचं किंवा ओळखीच्याचं वावर सगळ्यात बरं; गावतलाव असेल तर ग्रामपंचायतीला आणि पोलीस पाटलांना सांगून ठेवा. जंगलालगत असाल तर मार्च-एप्रिलात मोहाखाली मुक्काम नको. पहाटे फुलं खायला अस्वल येतं आणि त्याला तुमचं कौतुक नसतं. उघड्यावरच्या एकट्या झाडाखालीही नको, वीज तिथेच पडते. धुरा, म्हणजे वावराचा बांध, कोरडा दिसतो म्हणून त्यावर तंबू टाकणारे पुष्कळ आहेत. धुऱ्यात उंदरांची बिळं असतात आणि उंदरांमागे साप येतात, तेव्हा धुरा सोडा.

२. अंथरूण

इथे घाई करू नका. सगळ्या सामानात मला सगळ्यात जास्त छळलं ते या टप्प्याने आणि याच्याबद्दलच सर्वांत चुकीचे सल्ले फिरतात.

आधी थंडीचं बघू. डिसेंबर-जानेवारीत नागपूर-गोंदियाकडे पारा ८-१० अंशांवर सहज उतरतो, लाट आली की त्याहून खाली. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात ३.५ अंशांची नोंद झाली होती. अशा रात्री माणूस दोन रजया अंगावर घेतो आणि तरी पाठ गार पडते. कारण साधं आहे. रजई असो की स्लीपिंग बॅग, ऊब धरते ती तिच्यात अडकलेली हवा. पाठीखालचा भाग तुमच्या वजनाने दबला की हवा निघून जाते आणि तिथे नुसतं कापड उरतं. वर तिसरी रजई घेऊन हे भागत नाही. ती तिसरी रजई खाली घाला, तीही दबेल. पण वर घेण्यापेक्षा कामाची.

खरा उपाय म्हणजे न दबणारी, पाणी न पिणारी फोमची चटई, १० ते १२ मिलीमीटर जाडीची. दुकानात अंगठ्याने जोरात दाबून सोडा. खड्डा लगेच भरून आला तर घ्या, तसाच राहिला तर परत ठेवा. तो पॅकिंगचा फोम आहे आणि दोन-चार रात्रींत पापडासारखा होईल. घरात ६ मिलीमीटरच्या योगा मॅट असतील तर दोन एकावर एक टाका, तेवढ्यावर भागतं. एका बाजूला चकचकीत चंदेरी पन्नी लावलेली चटई मिळते. तिच्या पन्नीचे जास्तीचे पैसे देऊ नका, काम जाडीच करते. हवेची गादी तर आपल्याकडे आणूच नका. एक तर आतली हवा फिरत राहते आणि गार पडते. दुसरं म्हणजे सराटे आणि बाभळीचे काटे. रात्री दोन वाजता पाठ हळूहळू जमिनीला टेकते तेव्हा पंक्चर शोधायची कुणाची इच्छा नसते.

भंडारा-गोंदियाकडे असाल तर चटईखाली तणस, म्हणजे धानाचा पेंढा, टाका. हातभर जाड थर दाबून वीतभर होतो आणि असं फुकटचं अंथरूण दुसरं नाही. मात्र तणस उन्हात पसरून, काठीने झटकून घ्या. गंजीच्या तळातलं नको, त्यात विंचू बसलेला असतो. पावसाळ्यात तणसाला हातही लावू नका.

आता पावसाळा. ताडपत्री तंबूपेक्षा मोठी घ्यावी, म्हणजे चिखल लागत नाही, असं सगळे सांगतात. हा सल्ला मानलात तर रात्री पाण्यात झोपाल. तंबूच्या वरच्या कापडावरून ओघळलेलं पाणी बाहेर आलेल्या ताडपत्रीवर पडतं, तिथून उताराने तंबूखाली जातं आणि ताडपत्री व तंबूचा तळ यांच्यामध्ये साठून राहतं. वर तुमचं वजन आहेच. थोड्या वेळाने तळातून ओल वर येते आणि शिव्या तंबूवाल्याला बसतात.

खालची ताडपत्री तंबूच्या तळापेक्षा सगळीकडून चार बोटं लहान हवी. मोठी असेल तर कापा. कापायची नसेल तर जास्तीचा भाग खालच्या बाजूला दुमडा. वरच्या बाजूला दुमडलात तर त्या घडीत पाणी धरलं जातं. तंबू उभा झाला की चारी बाजूंनी फिरून वाका आणि बघा: ताडपत्रीचा एकही कोपरा डोकावता कामा नये. हा दोन मिनिटांचा फेरा अंधार पडायच्या आत मारायचा.

मग दुसरं प्लास्टिक तंबूच्या आत. हे मात्र तळापेक्षा वीतभर मोठं घ्यायचं आणि कडा भिंतींना लावून वर उचलून ठेवायच्या. तळातून पाणी आलंच तरी ते या प्लास्टिकच्या खाली राहतं आणि अंथरूण कोरडं राहतं. खालची लहान, आतली मोठी. कृषी केंद्रात मिळणारी साधी ताडपत्री दोन्हीला चालते.

काळ्या जमिनीत यातलं काहीच फार टिकत नाही, हेही सांगून ठेवतो. काळी माती पाणी पिऊन फुगते, मग वरचं पाणी मुरत नाही, तिथेच साचतं. तंबूभोवती चर खणून फरक पडत नाही, चरही भरून जातो. जुलै-ऑगस्टात मुरमाचं टेकाड शोधा, नाहीतर खळ्यातल्या कोठ्यात झोपा. त्यात कमीपणा काही नाही.

राहिला मण्यार. हा साप रात्री फिरतो, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरतो आणि चावला तरी फारसं दुखत नाही, सूजही येत नाही. माणूस मुंगी चावली म्हणून कुस बदलून झोपतो. पहाटे पोट दुखू लागलं, पापण्या जड झाल्या, गिळता येईना, तर वाट न पाहता सरकारी दवाखाना गाठा. मांत्रिक नको, चिरा देणं नको. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर चालणारं एकच प्रतिविष असतं, त्यामुळे साप मारून पिशवीत नेण्याचीही गरज नाही. आणि प्रतिबंध पुन्हा अंथरुणाशीच येतो: तंबूची चेन शेवटच्या दातापर्यंत बंद हवी, तंबू नसेल तर मच्छरदाणीच्या कडा चटईखाली घट्ट खोचलेल्या हव्यात. नुसती लोंबत सोडलेली मच्छरदाणी डास थोडे अडवते, साप अडवत नाही.

ऑगस्ट ते ऑक्टोबर गवतावर उघड्या अंगाने लोळू नका, अंथरूणही गवतावर वाळत घालू नका. स्क्रब टायफसचे किडे गवतात असतात आणि २०१८ साली नागपूर भागात या तापाने माणसं दगावली आहेत.

३. पांघरूण

स्लीपिंग बॅगवर दोन-तीन आकडे छापलेले असतात. सगळ्यात गार आकडा मोठ्या अक्षरांत असतो. तो जीव वाचण्यापुरता, झोप लागण्यापुरता नव्हे. 'कम्फर्ट'चा आकडा बघा. ५ अंश कम्फर्टची सिंथेटिक पिशवी विदर्भाच्या थंडीला, चिखलदऱ्यालाही, पुरते. चिखलदरा हजार मीटरच्या वर आहे, तिथे सोबत कानटोपी घ्या. पिसांची महागडी पिशवी दवात भिजली की गोळा होते, तिच्या मोहात पडू नका. घोंगडी असेल तर तीच न्या, ओली झाली तरी ऊब देते.

४. तंबू

दुहेरी कापडाचा, आतला जाळीचा, वरच्या कापडाची शिवण टेप लावून बंद केलेला. पाणी अडवण्याचा आकडा मिलीमीटरमध्ये असतो, आपल्या पावसाला ३००० च्या आसपासचा बघा. 'चार माणसांचा' म्हणजे तीन माणसं आणि सामान. थंडीत सगळ्या खिडक्या बंद करून झोपू नका. सकाळी छतावरून टपटपणारं पाणी तुमच्याच श्वासाचं असतं, तंबू गळत नसतो.

५. खुंट्या

तंबूसोबत येणाऱ्या तारेच्या खुंट्या फेकून द्या. मुरमात त्या वाकतात, ओल्या काळ्या मातीत दोरी ताणली की उपसून येतात, आणि उन्हाळ्यात जमिनीच्या भेगेत ठोकल्या तर नुसत्या हलत राहतात. वेल्डिंगच्या दुकानातून ८ मिलीमीटरच्या सळईच्या फूटभर खुंट्या करून घ्या, वर आकडा वळवून. जिथे त्याही धरत नाहीत तिथे खताच्या रिकाम्या पोत्यात माती भरा, मधोमध दोरी बांधा आणि पोतं अर्धं पुरा. अवकाळीच्या वादळातही ते जागचं हलत नाही.

६. उन्हाळ्यात तंबू घरी ठेवा

अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. नवतप्यात, म्हणजे मे अखेरीपासूनच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, मुक्कामाला जाऊच नका. जायचंच असेल तर जागलीवाले (रात्री वावर राखणारे) करतात तसं करा: बाज, बाजेवर मच्छरदाणी, बस्स. बाजेची विण मोकळी असते, खालून वारा लागतो, म्हणून फोमची चटई इथे अंथरू नका. सुती चादर पुरे. ऊन उतरल्यावर बाजेखाली पाण्याचा सडा घाला. खडकावर किंवा सिमेंटच्या ओट्यावर झोपू नका, दिवसभराची उष्णता तो रात्रभर सोडत राहतो. पाणी माणशी दिवसाला पाच-सहा लिटर धरा आणि पिण्याचं छागलीत (पाण्याच्या जाड कापडी पिशवीत) भरून सावलीत, वाऱ्यावर टांगा. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्यांचा हंगाम. जंगलाजवळ चूल पेटवू नका, शिदोरी बांधून न्या.

७. बाकीचं

डोक्याला लावायची बॅटरी, ओआरएस, जास्तीचे सेल, काठी. खाण्याचं सामान तंबूत ठेवू नका, रानडुकराला वास लागतो. बूट सकाळी झटकून घाला.

८. परत आल्यावर

तंबू ओला गुंडाळून माळ्यावर टाकलात तर आतला लेप चिकट होतो, आंबूस वास मारतो आणि पुढच्या वर्षी सालासारखा निघून येतो. अंगणात सावलीत, दोरीवर, दोन्ही कापडं वेगळी करून पूर्ण वाळवा. कडक उन्हात नको, त्याने कापड कुजतं. फोमची चटई गुंडाळून रबर लावू नका, खाटेखाली सपाट सरकवून ठेवा.