उल्त्सेन जंक्शनवर गाडी कशी बदलावी आणि मधल्या वेळात काय पाहावे

माग्देबुर्ग किंवा ब्राउनश्वाइग येथे शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याने डॉइचलँडटिकेट या मासिक पासावर, म्हणजे केवळ प्रादेशिक गाड्यांनी, हॅम्बर्गला जायचे ठरवले, की मोबाइलवरील वेळापत्रक त्याला बहुधा उल्त्सेन येथे गाडी बदलायला सांगते. लोअर सॅक्सनी राज्यातील ल्युनेबुर्गच्या माळरानाकडेचे हे गाव लहान आहे. स्थानक मात्र चारही दिशांच्या मार्गांचे जंक्शन आहे आणि त्याची रचना नवख्या प्रवाशाला गोंधळात टाकणारी आहे. ती आधीच समजून घेतली, तर गाडी बदलण्याची धावपळ टळते आणि जर्मनीतील एक विलक्षण स्थानक निवांत पाहता येते.

सुरुवात मार्गांपासून करावी, कारण स्थानकाचा इतिहास कळला की त्याचा नकाशा आपोआप ध्यानात राहतो. हॅनोव्हरच्या राज्याने बांधलेला सेले ते हारबुर्ग (एल्ब नदीच्या दक्षिण काठावरचे, हॅम्बर्गसमोरचे गाव) हा लोहमार्ग १८४७ साली सुरू झाला आणि उल्त्सेनला रेल्वे आली. एल्ब नदीवरील पूल १८७२ मध्ये पूर्ण होईपर्यंत रूळ हारबुर्गलाच संपत असत. आज याच उत्तर-दक्षिण मार्गावरून हॅनोव्हर आणि हॅम्बर्ग यांच्यामधील वेगवान गाड्या धावतात. १८७३ मध्ये त्याला छेदणारा दुसरा मार्ग आला. श्टेंडालहून झाल्त्सवेडेल, उल्त्सेन आणि सोल्टाऊ करत ब्रेमेनजवळच्या लांगवेडेलला जाणाऱ्या या मार्गाला ‘अमेरिका मार्ग’ असे नाव पडले, कारण बर्लिनच्या बाजूने निघालेले स्थलांतरित ब्रेमरहाफेनच्या बंदरात अमेरिकेची बोट पकडण्यासाठी याच वाटेने जात. दुसऱ्या महायुद्धानंतर दोन जर्मनींची सीमा उल्त्सेन आणि झाल्त्सवेडेल यांच्यामधून गेली आणि मार्ग तुटला. एकीकरणानंतर तो पुन्हा बांधण्यात आला व १९९९ च्या डिसेंबरमध्ये त्यावरून गाड्या धावू लागल्या. माग्देबुर्गहून येणारी आपली गाडी या पुन्हा जोडलेल्या तुकड्यावरूनच येते, तेव्हा झाल्त्सवेडेल सोडल्यावर थोडा वेळ खिडकीबाहेर लक्ष ठेवावे. सीमेच्या काटेरी तारांच्या जागी आता शेते आणि झाडी दिसतात.

आता प्रत्यक्ष गाडी बदलण्याविषयी. उल्त्सेनची मुख्य इमारत रुळांच्या एका बाजूला नसून दोन्ही बाजूंच्या रुळांच्या मधोमध, बेटासारखी उभी आहे. फलाटांचे क्रमांकही तीन आकडी आहेत. एकशे एक किंवा तीनशे एक असा क्रमांक पाहून दचकू नये, कारण फलाट मोजकेच आहेत. पहिला आकडा रुळांचा गट सांगतो आणि शेवटचा त्या गटातील रूळ. आपण उतरतो त्या रुळाचा आणि पुढच्या गाडीच्या रुळाचा पहिला आकडा एकच असेल, तर फारसे चालावे लागत नाही. तो वेगळा असेल, तर इमारतीच्या पलीकडच्या बाजूला जावे लागणार हे गृहीत धरावे. हा एवढा हिशेब गाडीत बसल्याबसल्याच करून ठेवावा.

स्थानकावर उतरल्यावर पिवळ्या रंगाचा छापील तक्ता सुटणाऱ्या गाड्यांचा, हे लक्षात ठेवावे.  मात्र छापील तक्ता त्या दिवसाचे बदल सांगत नाही, म्हणून अंतिम भरवसा इलेक्ट्रॉनिक फलकावर आणि उद्घोषणेवरच ठेवावा. रूळ दुरुस्तीच्या कामांमुळे अख्खे वेळापत्रक बदलते, तेव्हा निघण्याच्या आदल्या रात्री पाहिलेली वेळ सकाळी पुन्हा तपासलेली बरी.

प्रादेशिक गाड्यांच्या नावात आरई म्हणजे कमी थांब्यांची आणि आरबी म्हणजे जास्त थांब्यांची गाडी. हॅम्बर्गच्या दिशेने ल्युनेबुर्गमार्गे आरई ३ आणि हॅनोव्हरच्या दिशेने सेलेमार्गे आरई २ या गाड्या मिळतात. श्टेंडाल-माग्देबुर्गसाठी आरई २०, ब्राउनश्वाइगसाठी आरबी ४७ आणि सोल्टाऊमार्गे ब्रेमेनसाठी आरबी ३७ आहे. मुख्य मार्गावरची गाडी चुकली तर फारसे बिघडत नाही, परंतु आडव्या मार्गांवर गाड्या विरळ असल्याने तिथली चुकलेली गाडी महागात पडते. त्यामुळे परतीच्या प्रवासात, म्हणजे हॅम्बर्गहून माग्देबुर्गला येताना, गाडी बदलायला सर्वांत कमी वेळ देणारी जोडणी निवडण्याऐवजी एक गाडी आधी निघावे, असे माझे स्पष्ट मत आहे. आपली गाडी उशिरा धावत असेल, तर तिकीट तपासनिसाला पुढची जोडणी सांगावी. त्याला पुढच्या गाडीपर्यंत निरोप पोहोचवता येतो, पण ती थांबेलच याची हमी नसते.

तिकिटाबाबत एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. २०२३ च्या मे महिन्यात ४९ युरोला सुरू झालेले आणि २०२६ च्या जानेवारीपासून ६३ युरो झालेले डॉइचलँडटिकेट आयसीई आणि आयसी या लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्यांत चालत नाही. उल्त्सेनला काही वेगवान गाड्याही थांबतात आणि समोर हॅम्बर्गची पाटी लावलेली आयसीई उभी दिसली की मोह होतो; पण त्यापायी ६० युरोंचा दंड होऊ शकतो. चार-पाच जणांनी मिळून लोअर सॅक्सनीतच फिरायचे असेल, तर त्या राज्याचे दिवसाचे सामूहिक तिकीट पाहावे. ते कामाच्या दिवशी सकाळी ९ पासून लागू होते आणि हॅम्बर्ग व ब्रेमेन शहरांतही चालते.

हातात अर्धा-पाऊण तास असेल, तर फलाटावरच्या बाकावर बसून राहू नये. ऑस्ट्रियन चित्रकार फ्रीडेन्सराइख हुंडर्टवासर यांनी १९ व्या शतकातील या विटांच्या इमारतीचा कायापालट रेखाटला. हॅनोव्हरच्या एक्स्पो २००० प्रदर्शनाशी जोडलेला हा प्रकल्प होता, पण हुंडर्टवासर त्याच वर्षी १९ फेब्रुवारीला जहाजावर प्रवासात असताना वारले. प्रदर्शन ३१ ऑक्टोबरला संपले आणि नव्या रूपातील स्थानकाचे उद्घाटन झाले नोव्हेंबरमध्ये; जर्मन रेल्वेच्या वक्तशीरपणाचा अनुभव असलेल्यांना यात नवल वाटणार नाही. सरळ रेषेशी या कलावंताचे वैर होते. म्हणून प्रथम फलाटावरचे खांब पाहावेत: प्रत्येकाची जाडी आणि घाट निराळा, अंगावर निळ्या, हिरव्या, लाल चकचकीत फरश्यांचे पट्टे. मग आत जाऊन जमिनीकडे पाहावे. तिला मुद्दाम उंचसखलपणा दिलेला आहे, तेव्हा चाकांची बॅग ओढताना जरा जपून चालावे. बाहेरून मनोऱ्यांवरचे सोनेरी गोळे आणि छतावरची हिरवळ दिसते. छतांवर सौर पॅनेलही बसवलेले आहेत. स्वच्छतागृहाच्या भिंतींनाही त्याच शैलीच्या फरश्या आहेत, त्यामुळे गरज नसली तरी तिथे डोकावायला हरकत नाही. २००९ मध्ये लहान शहरांच्या गटात या स्थानकाला वर्षातील सर्वोत्तम स्थानकाचा मान मिळाला होता.

दोन तासांची फुरसत असल्यास गावात जाऊन सेंट मेरी चर्चमधील सोनेरी जहाज पाहता येते. रविवारी मात्र गावातील बहुतेक दुकाने बंद असतात, म्हणून पाणी आणि खाण्याची सोय स्थानकावरच करून घ्यावी.