बोट हलत का नाही? पावसाळ्यात तुरुंगफोडीचा पडेल पिक्चर बघायची रीत

पहिली गोष्ट, एकट्याने बघू नका. 'एस्केप प्लॅन' मी पहिल्यांदा एकट्यानेच मोबाईलवर बघितला होता, स्टॅलोन आणि श्वार्झनेगर दोघंही एकाच तुरुंगात म्हटल्यावर लहानपणापासूनची सगळी हौस एकदम फिटणार असं वाटलेलं, आणि जवळजवळ दोन तासांनी हातात काय तर डोकेदुखी आणि संपलेली बॅटरी. तोच पिक्चर दुसऱ्यांदा मालवणला काकांच्या ओटीवर आठ-दहा जणांत बघितला आणि पोट दुखेपर्यंत हसलो. पिक्चर तोच, तेवढाच फालतू. बघायची पद्धत बदलली एवढंच, म्हणून ती लिहून ठेवतोय. पिक्चर २०१३ चा आहे, त्यामुळे गोष्ट फोडली म्हणून कोणी ओरडू नये.

वेळ कुठली, तर जून-जुलै. मासेमारी बंद, होड्या वर ओढून माडाच्या झापांनी (विणलेल्या झावळ्यांनी) शाकारलेल्या, बाहेर धो धो, आणि घरातली दर्यावर जाणारी माणसं भिंतीला टेकून कंटाळलेली असतात. हीच माणसं तुम्हाला पाहिजेत. पिक्चर आधीच डाऊनलोड करून ठेवा, नेट पावसात कधी जाईल सांगता येत नाही आणि लाईटचं तर बोलूच नका. इन्व्हर्टर चार्ज. हिंदी डब मिळाला तर तोच लावा, इंग्रजीत लावलात तर अर्धे लोक पहिल्या दहा मिनिटांत घोरतील, मग उपयोग नाही.

खायला आठळ्या. फणसाच्या आठळ्या चुलीत भाजून घ्यायच्या, सोलायला वेळ लागतो त्यामुळे हात गुंतलेले राहतात आणि कोणी सारखा रिमोट मागत नाही. चिप्स आणलेत तर पहिल्या फायटिंगच्या आधीच संपतात, अनुभव आहे.

आता माणसं. निदान एक तरी असा पाहिजे ज्याने बोटीवर महिनोन्महिने काढलेत, तांडेल (मच्छीमार होडीचा म्होरक्या) असो नाहीतर जहाजावरचा खलाशी. आमच्याकडे काका होते, तीस वर्षं समुद्रात. त्यांना आधी काहीही सांगायचं नाही. हा नियम पाळाच, कारण पिक्चरचा सगळा डोलारा एका गोष्टीवर उभा आहे: हिरोला, म्हणजे स्टॅलोनला, बेशुद्ध करून कुठल्यातरी छुप्या तुरुंगात टाकतात, थरावर थर रचलेल्या काचेच्या कोठड्या, काळे मुखवटे घातलेले पहारेकरी, आणि अर्धा पिक्चर झाल्यावर तो कसाबसा वर चढून बाहेर डोकावतो तर काय, चहूबाजूंनी समुद्र! तुरुंग मालवाहू जहाजाच्या पोटात आहे!

इथे पॉज दाबायचा. आणि काकांकडे बघायचं.

आमचे काका आठळी तोंडापर्यंत नेऊन थांबले. "ही बोट आसा? मगे इतको वेळ हलणा कित्या नाय?" मग थोडा विचार करून, "एवढ्या माणसात एकाकय बोट लागाक नाय?"

पैसे तिथेच वसूल झाले. बघा ना, हिरो जगातला एक नंबरचा तुरुंगफोड्या, तुरुंग तपासून देणं हा त्याचा धंदा, पण आपण जहाजावर आहोत हे त्याला बाहेर डोकवेपर्यंत कळत नाही. दाभोळ-धोपावे फेरीबोटीत डोळे बांधून बसवलं तरी शेंबडं पोर सांगेल की पायाखाली पाणी आहे. इंजिनाची थरथर तळव्यांना लागते. खारट दमट हवेने कपडे चिकट होतात. आणि जहाज कितीही मोठं असलं तरी डोलतंच, त्यात जितकं वर जाल तितका हेलकावा जास्त, म्हणजे वरच्या थरातल्या काचेच्या कोठडीत तर वाटीतली आमटी सांडायला पाहिजे. दिग्दर्शकाने जेवणाच्या टेबलावर पाण्याचा एक ग्लास नीट दाखवला असता तरी सगळं बिंग फुटलं असतं. म्हणून दुसऱ्यांदा बघणार असाल तर खेळ असा लावा: बोट कळायच्या आधीच्या सीनमध्ये काही लोंबकळताना, घरंगळताना, सांडताना दिसलं तर एक पॉईंट. आमच्यात कोणाचं खातंच उघडलं नाही.

हे झालं की पुढचा भाग काकांना मनापासून आवडेल, कारण आता आपण कुठल्या समुद्रात आहोत ते हिरो शोधायला लागतो. त्यातला संडासाचा प्रकार सोडून द्या, पाणी कुठल्या बाजूला फिरतं त्यावरून उत्तर गोलार्ध की दक्षिण, असलं काही. पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम वादळावर होतो, कमोडएवढ्या पाण्यावर नाही, तिथे भांड्याचा आकार आणि पाण्याची धार काय ती बाजू ठरवते. पण दुसरी युक्ती खरी आहे. चष्म्याबिष्म्याच्या तुकड्यांतून सेक्स्टंट, म्हणजे तारा क्षितिजापासून किती अंश वर आहे ते मोजायचं यंत्र, बनवतात आणि एक कैदी नमाजाच्या निमित्ताने रात्री डेकवर जाऊन मोजमाप घेतो.

ही युक्ती तुम्ही पाऊस उघडल्यावर स्वतः करून बघू शकता, सेक्स्टंट नको. ध्रुवतारा क्षितिजापासून जितके अंश वर, साधारण तितकाच तुमचा अक्षांश. हात सरळ पुढे ताणून मूठ धरली की ती अंदाजे १० अंश, मधली तीन बोटं जुळवली की ५. मालवण साधारण १६ अंशावर, म्हणजे किनाऱ्यावर उत्तरेकडे तोंड करून एक मूठ आणि त्यावर तीन बोटं, तिथे ध्रुव. पिक्चरमधलं जहाज मोरोक्कोजवळ असल्याचं कळतं, तिकडे तोच तारा तीन-साडेतीन मुठी वर दिसणार. पण ह्यातून फक्त आडवी रेघ मिळते, त्या रेघेवर आपण नेमके कुठे ते कळायला बरोबर लावलेलं घड्याळ लागतं. इथे काका पाच मिनिटं बोलले, ती पाच मिनिटं पिक्चरपेक्षा भारी होती, म्हणून इथे पॉज लांबला तर लांबू द्या.

संडासावरून आठवलं, बोटीवरून पळायचं म्हटलं की आपल्याकडे अस्सल गोष्ट आहेच. ८ जुलै १९१०, मार्सेलिसच्या बंदरात मोरिया बोट, सावरकर संडासाच्या पोर्टहोलमधून अंग सोलवटत बाहेर पडले, पोहत किनारा गाठला, आणि थोड्याच वेळात फ्रेंच शिपायाने पकडून परत इंग्रजांच्या ताब्यात दिले. पुढे अंदमान, आणि १९२१ नंतर आमच्याच रत्नागिरीच्या जेलमध्ये. ह्यात हेलिकॉप्टर नाही, स्फोट नाही, पण काटा येतो. का, तर पुढच्या मिनिटाला काय होईल ह्याची भीती खरी वाटते.

आणि मराठी माणसाकडे दुसरी फूटपट्टी आहे ती आग्र्याची. कुठलाही तुरुंगफोडीचा पिक्चर १६६६ ला लावून बघायचा. शाळेत शिकलो ती गोष्ट आठवा: आधी आजारपणाचं सोंग, मग मिठाईचे पेटारे रोज बाहेर, पहिले काही दिवस पहारेकरी उघडून बघतात, मग कंटाळतात, मग बघायचंच सोडतात. पलंगावर हिरोजी फर्जंद, अंगावर शाल, अंगठी घातलेला हात तेवढा बाहेर. सगळा प्लॅन पहारेकऱ्याच्या सवयीवर उभा, त्याच्या मूर्खपणावर नाही. आता 'एस्केप प्लॅन' ह्या पट्टीने मोजा. सुरुवातीला हिरो एक साधा तुरुंग फोडून दाखवतो, दुधाच्या खोक्याचा पापुद्रा वापरून कुलपाच्या बटणांवरचे ठसे मिळवतो, तो भाग झकास आहे, तिथे पैकीच्या पैकी मार्क द्या. म्हणून तर पुढचा राग येतो! ज्यांना इतकं चांगलं सुचतं त्यांनीच नंतर असा तुरुंग रचला की जो हिरोनेच लिहिलेल्या पुस्तकावरून बांधलाय आणि त्यात हिरोलाच कोंडलाय. म्हणजे तिजोरी बनवणाऱ्या लोहारालाच तिजोरीत ठेवायचं आणि वर म्हणायचं बघू कसा निघतो. आणि मुखवट्यांचं काय? सगळ्यांचीच तोंडं झाकलेली तर आत कोण आहे हे त्यांचं त्यांना तरी कसं कळणार? माझ्या बहिणीने हा प्रश्न मोठ्याने विचारला, उत्तर कोणाकडे नव्हतं, पिक्चरकडेही नाही.

शेवटचा अर्धा तास गोळीबार. इथे चहा टाकायला उठा, काही चुकत नाही. श्वार्झनेगर मशीनगन उचलतो तेवढ्याला मात्र हाक मारायला सांगा, तो एक सीन सगळ्यांनी मिळून शिट्ट्या मारत बघायचा, लॉजिक गेलं खड्ड्यात. ह्या माणसाने मधे जर्मनमध्ये जो धिंगाणा घातलाय तोही सोडू नका, अख्ख्या पिक्चरमध्ये मनापासून काम केलेला तो एकटाच वाटतो.

पिक्चर संपल्यावर कोणीतरी म्हणणार, ह्याचे पुढचे भाग पण आहेत. आहेत, २०१८ चा दुसरा आणि २०१९ चा तिसरा. दुसऱ्याला तर स्टॅलोनने स्वतःच नंतर जाहीर नावं ठेवली. आमच्याकडे पोरांनी हट्टाने दुसरा लावला, वीस मिनिटांत लाईट गेली आणि काकांनी अंधारातच फर्मान काढलं, इन्व्हर्टर चालू करूचो नाय.