एरर गेली, सूटही गेली

इनहेरिटन्स, अपकास्टिंग, डाउनकास्टिंग तुम्हाला येतं असं धरून चालतो. मलाही येत होतं, मुलाखतीत घडाघडा बोललो होतो.

पहिल्या नोकरीत जावामधल्या बिलिंगचं काम आलं. 'पार्टी' हा मूळ क्लास, त्यातून 'ग्राहक', ग्राहकातून 'घाऊक ग्राहक'. सूट काढायला मी पार्टीला सरळ घाऊक ग्राहकात कास्ट केलं. कंपायलर गप्प, कारण खरा ऑब्जेक्ट कोणता ते रनटाइमलाच कळतं. कळलं. क्लासकास्टएक्सेप्शन, म्हणजे ऑब्जेक्ट त्या क्लासचा नाहीच. सीनियर म्हणाले, "ट्राय-कॅच टाक आणि पुढे हो." (असं सांगणाऱ्याकडून दुसराही सल्ला घेऊ नका.) मी शहाणपणा करून इन्स्टन्सऑफ लावलं, म्हणजे ऑब्जेक्ट त्या क्लासचा आहे का हे कास्टआधी विचारलं. एरर गेली.

आता सावकाश वाचा, माझं घोडं इथेच पेंड खात होतं. पहिली अट, ग्राहक आहे का? दुसरी अट एल्स-इफमध्ये, घाऊक ग्राहक आहे का? पण घाऊक ग्राहक हाही ग्राहकच! पहिल्याच अटीला 'हो', दुसरीपर्यंत कुणी पोचायचंच नाही. एक्सेप्शन नाही, लॉगमध्ये चकार शब्द नाही. तीन आठवडे घाऊक दुकानदारांना किरकोळ भावाची बिलं गेली, आणि एकाने फोन करून झापल्यावर आम्हाला पत्ता लागला. एक्सेप्शन आलं असतं तर पहिल्या दिवशीच सापडलं असतं. म्हणून लाल अक्षरं दिसली की रडू नका, ती तुमच्याच बाजूची असतात.

घाबरून मी गेटक्लासने तुलना केली. ती नेमका तोच क्लास बघते, त्याच्या पोरांना ओळखत नाही. पुढे कुणी घाऊकमधून 'निर्यात ग्राहक' काढला आणि त्याची सूट गेली.

तेव्हा अटी लावताना पोर आधी, बाप नंतर. शेवटचा एल्स रिकामा सोडू नका, तिथे एक्सेप्शन फेका. नल असेल, म्हणजे ऑब्जेक्टच नसेल, तर इन्स्टन्सऑफ 'नाही' म्हणतं, पण नुसता कास्ट नलला बिनबोभाट पुढे जाऊ देतो आणि बोंब भलत्याच ओळीवर होते. जावा 16 पासून तपासणी आणि कास्ट एकाच ओळीत होतात. जावा 21 च्या स्विचमध्ये बापाचा केस वर ठेवलात तर कोड कंपाइलच होत नाही. इफ-एल्स मात्र आजही मुकाट चालू देतं.

खरं तर अटींची अशी शिडी लागली की डिझाइनमध्येच खोट समजा. शेवटी मी सूट काढायची मेथड पार्टीत ठेवली, प्रत्येक क्लासने ती ओव्हरराइड केली, शिडीच मोडली. क्लास दुसऱ्याच्या लायब्ररीतले असले तर मात्र तपासणीला पर्याय नसतो, त्यात कमीपणाही नाही. फक्त टेस्टमध्ये प्रत्येक क्लासचा एकेक ऑब्जेक्ट पाठवा, सगळ्यात खालच्या नातवासकट. माझ्या टेस्टमध्ये फक्त साधा ग्राहक होता.