सिंथेटेज विकरांवरील बंधन-चाचणी: या चुका टाळा

टीआरएनएला (प्रथिन बनवताना अमिनो आम्ले वाहून आणणाऱ्या रेणूला) त्याचे नेमके अमिनो आम्ल जोडून देणारी अमिनोॲसिल-टीआरएनए सिंथेटेज विकरे प्रथिन-संश्लेषणात अपरिहार्य असल्यामुळे औषधशोधात त्यांच्यावर बरेच काम होते. लहान रेणू त्यांच्याशी कसे बांधले जातात हे तपासताना होणारे बहुतेक घोटाळे मात्र उपकरणाचे नसून नळीत काय घातले आणि काय वगळले याचे असतात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे नुसत्या शुद्ध विकरावर रेणू तपासणे. हॅलोफ्युजिनोन हा रेणू प्रोलिल-टीआरएनए सिंथेटेजमधील प्रोलिन या अमिनो आम्लाची जागा आणि टीआरएनएच्या शेवटच्या ॲडेनोसिन या घटकाची जागा अशा दोन्ही जागा अडवतो. पण तो तेथे घट्ट बसतो तो शेजारी एटीपी (पेशीतला ऊर्जा पुरवणारा रेणू) असेल तरच, त्यामुळे एटीपीविना मोजमाप केल्यास उत्तम रेणूही कुचकामी ठरतो. नखांच्या बुरशीवर २०१४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या टाव्हाबोरोलची गोष्ट याहून बोलकी आहे. त्यातील बोरॉन ल्युसिल-टीआरएनए सिंथेटेजच्या संपादन-कप्प्यात (चुकीचे जोडलेले अमिनो आम्ल काढून टाकणाऱ्या भागात) शिरून थेट टीआरएनएच्या टोकाशी सहसंयुज बंध करतो आणि टीआरएनए तेथेच अडकून पडतो. ज्या नळीत टीआरएनएच नाही, तेथे हे दिसणार कसे?

आयसी५०, म्हणजे विकराचे काम निम्म्यावर आणणारी रेणूची संहती (द्रावणातील प्रमाण), हा आकडा बंधनाची ताकद समजून वापरणे ही दुसरी चूक होय. म्युपिरोसिन हे प्रतिजैविक आपल्या सिंथेटेजवरील जागेसाठी आयसोल्युसिन हे अमिनो आम्ल आणि एटीपी या दोघांशीही स्पर्धा करत असल्याने त्यांची संहती वाढवली की आयसी५० वर सरकतो. म्हणून दोन प्रयोगशाळांचे आकडे शेजारी मांडण्याआधी त्यांवरून निरोध-स्थिरांक (या संहतींचा परिणाम वगळून रेणूची विकर अडवण्याची ताकद सांगणारा आकडा) काढावा. शिवाय विकर २० नॅनोमोलर असताना एकास एक बांधल्या जाणाऱ्या रेणूचा आयसी५० १० नॅनोमोलरच्या खाली जाऊच शकत नाही, कारण निम्मे विकर अडवायलाच तेवढे रेणू लागतात. अनेक रेणू याच आकड्यापाशी थबकलेले दिसले, तर विकर कमी करून पुन्हा मोजावे.

सिंथेटेजच्या क्रियेत सुटणाऱ्या पायरोफॉस्फेटचे फॉस्फेट करून मॅलाकाइट ग्रीन या रंगद्रव्याने रंग मोजण्याच्या पद्धतीत पायरोफॉस्फटेज हे मदतनीस विकरच बंद पडले, तरी रंग उतरतो आणि तो रेणू यशस्वी भासतो. सिंथेटेज वगळून थेट पायरोफॉस्फेट घातलेली एक नळी सोबत ठेवली की हा संशय फिटतो. गुठळ्या करणारे रेणूही असेच फसवतात, ०.०१ टक्का ट्रायटन एक्स-१०० हे साबणासारखे द्रव्य घातल्यावर निरोध नाहीसा झाला, तर त्या रेणूमागे वेळ न घालवणेच बरे.